मोपा ते मिऱ्या, एसटीने

आमच्या मिऱ्याला बोटीवरचा माणूस घरी येतो तो गाडीने. हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, पण मोडतही कोणी नाही. नऊ-दहा महिने समुद्रावर काढून आलेला माणूस, दोन मोठाल्या बॅगा, आणायला भाड्याची गाडी आणि गाडीत बायको, दीर, जमलं तर शेजारचं कोणीतरी. गाडी वाडीत शिरताना हॉर्न वाजतो, कुत्री भुंकतात आणि सगळ्यांना कळतं. उलट कोणी एसटीतून उतरून बॅग ओढत चालत आला, तर बायका दारातूनच एकमेकींकडे बघतात. काहीतरी बिनसलंय. एक तर नोकरी गेली, नाहीतर तब्येत.

म्हणून गेल्या थंडीत नवऱ्याचा बोटीवरून फोन आला तेव्हा मी हातातली विळी खाली ठेवली.

"ह्या वेळी गाडी करू नको गो," हे म्हणाले. "तू एकटीच मोपाच्या विमानतळावर ये. आपण एसटीने जाऊ."

"का? काय झालं?"

"काय नाय झालं. स्वस्तात होईल."

स्वस्तात! ज्या माणसाने उभ्या जन्मात कोथिंबिरीच्या जुडीला घासाघीस केली नाही, त्याला एकाएकी स्वस्ताई सुचली. मी पुढे काही विचारणार तोवर फोन तुटला. बोटीवरचे फोन नेमके हवे तिथेच तुटतात.

मन चिंती ते वैरी न चिंती. आठ दिवस मी एकच हिशेब मांडत होते, तब्येत की नोकरी. देवापुढे दिवा लावताना म्हटलं, दोन्हीपैकी एक द्यायचंच असेल तर नोकरी घे बाबा. लेक पुण्याला शिकते, तिला यातलं काही सांगितलं नाही. आदल्या दिवशी सावंतवाडीला बहिणीकडे जाऊन राहिले आणि सकाळी दोन बस बदलून गोव्याच्या त्या नव्या विमानतळावर पोचले.

हे बाहेर आले ते एक बॅग घेऊन. मी आधी माणूस बघितला. वाळलेले नव्हते, खोकत नव्हते, डोळे पिवळे नव्हते. उलट पोट थोडं सुटलं होतं. मग बॅगेकडे बघितलं.

"एकच?"

"कामाचे कपडे, बूट, स्वेटर, सगळं बोटीवरच्या पोरांत वाटून टाकलं."

म्हणजे नोकरीच. मनातल्या मनात देवाला नमस्कार केला आणि लगेच रडूही आलं. मी मागितलं तेच त्याने दिलं होतं, आता तक्रार करायची कुठे?

विमानतळाच्या बसने पेडण्याला आलो, तिथून दुसऱ्या बसने सावंतवाडी. हे खिडकीशी बसून लहान मुलासारखे बाहेर बघत होते. जगभरची बंदरं पालथी घातलेला माणूस काजूची बाग बघून म्हणतो, "बघ गो, काजू!" मी म्हटलं, हो, काजूच आहेत. माझं सगळं लक्ष एकाच प्रश्नावर होतं, पण भरल्या बसमध्ये तो विचारायचा कसा?

सावंतवाडी स्टँडवर रत्नागिरीची गाडी लागली आणि माणसं धावली. हे मात्र दाराच्या बाजूला शिस्तीत उभे. उतरणाऱ्यांना वाट करून देतायत, म्हाताऱ्यांना हात देतायत. बोटीच्या शिडीवर चालत असेल ही शिस्त. मी पदर खोचला, खिडकीखाली गेले आणि रुमाल टाकला एका सीटवर, पाण्याची बाटली दुसऱ्यावर. हे सगळ्यात शेवटी आत आले आणि जागा बघून थक्क झाले.

"तू कधी चढलीस?"

"चढायच्या आधीच बसले. तुम्ही बोटीवर होतात तेव्हा शिकले."

बोलून गेले आणि वाटलं, लागलं की काय यांना. हे नुसते हसले.

कंडक्टर आला. मी म्हटलं, "रत्नागिरी. एक फुल, एक हाफ."

"हाफ कोणाचं?" ह्यांनी मागेपुढे वळून एखादं पोर आहे का ते बघितलं.

"माझं."

"तू बारा वर्षांची कधी झालीस?"

पुढच्या सीटवरच्या आजी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. बायकांना अर्धं तिकीट होऊन किती दिवस झाले, पण ह्यांना माहीत कुठलं? सुट्टीत यायचे ते गाडीने, जायचे ते गाडीने. मधले दोन महिने पाहुणचारात जायचे. पहिले आठ दिवस सुरमई आणि कोलंबी, मग नातेवाईक, मग एखादं लग्न, आणि मग परत बॅग. ती बॅग कधी माळ्यावर गेलीच नाही. कॉटखाली अर्धी भरलेली पडून असायची, केर काढताना मी ती सरकवायची.

कणकवलीला गाडी थांबली. बरेच जण उतरले, आमच्या आजूबाजूच्या सीटा रिकाम्या झाल्या. ह्यांनी खालून दोन चहा आणले. माझ्याने राहवेना.

"खरं सांगा. काढून टाकलं ना?"

"कोणी?" हे गोंधळले. मग त्यांच्या लक्षात आलं. "तुला काय वाटलं, माझी नोकरी गेली? एसटीने आलो म्हणून?"

"मग काय वाटायचं माणसाला?"

"अगो, मीच सोडली. पुढच्या करारावर सही नाय केली." चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "गाडी नको म्हटलं ते त्याच्यासाठी. आपला गाडीवाला विमानतळावर बॅग उचलतो आणि पहिलंच विचारतो, 'काका, परत कधी सोडायचं?' दरवर्षी. मी घरी पोचायच्या आधी जायची तारीख ठरते. ह्या वेळी कोणी विचारायला नको होतं. आणि मला तुला विचारायचं होतं. त्याच्या देखत कसं विचारू?"

"काय विचारायचं होतं?"

"तुला चालेल ना? मी कायमचा घरात?"

खरं सांगते, मी लगेच हो म्हटलं नाही. पंचवीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते ऐकल्यावर मला चक्क भीती वाटली. माझं घर माझ्या पद्धतीने चालतं. दुपारी मी एकटी जेवते, वाडग्यात आमटी-भात कालवून, पाय पसरून. रुसले तर उशीशी रुसते. ह्या माणसाबरोबर मी सुट्ट्या काढल्या होत्या, दिवस काढले नव्हते. आणि हा माणूस ते ओळखून होता, म्हणून तर घाबरत विचारत होता. त्या क्षणी मला त्यांची इतकी माया आली की उरलेला चहा मी एका घोटात संपवला.

"घरात मीठ कुठे असतं माहीत आहे?" मी विचारलं.

ह्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाय."

"मग कसं व्हायचं?"

"शिकेन की."

"बघू," मी म्हटलं आणि ह्यांच्या हातातला रिकामा कप घेऊन माझ्या कपात बसवला. गाडी सुटली. राजापूर यायच्या आत हे माझ्या खांद्यावर झोपले होते. खांदा भरून आला, तरी मी लांज्यापर्यंत हलले नाही.

रत्नागिरीहून मिऱ्याची बस धरली आणि उन्हं कलताना आमच्या थांब्यावर उतरलो. समोरच्या टपरीवर नेमका आमचा गाडीवाला उभा. आम्हाला बसमधून उतरताना बघून त्याचा चेहरा पडला. धावत आला, ह्यांच्या हातातून बॅग घेतली. ती किती हलकी आहे ते जाणवलं असावं, कारण आणखीच बावरला. काय बोलावं ते न सुचून सवयीने बोलून गेला, "काका, परत कधी सोडायचं?"

हे माझ्याकडे बघायला लागले. कणकवलीपासूनचं उत्तर बाकी होतं.

"शनिवारी," मी म्हटलं. "बाजारात सोड, दोघांना. ह्यांना मासळी घ्यायला शिकवायचंय."

घरी आल्यावर मी चहासुद्धा टाकला नाही. बॅग रिकामी केली, अंगणात नेऊन झटकली, चेन लावली. हे स्टुलावर चढले. मी खालून स्टूल धरलं आणि ह्यांनी बॅग माळ्यावर सरकवली, पार भिंतीपर्यंत.