अ‍ॅनोटेशनची वाटणी आणि व्यंकटराव सर

आदरणीय व्यंकटराव सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या कंपनीच्या लातूर ऑफिसात, मुलाखतीच्या टेबलापलीकडे. मी शिरूर अनंतपाळची, नुकतीच इंजिनिअर झालेली, आणि पुण्यात नोकरी न मिळाल्याचे दुःख चेहऱ्यावर घेऊन आलेली. सरांनी आधी एवढेच विचारले, "घरून जेवून निघालीस का?" मी नाही म्हटल्यावर मुलाखत थांबवून त्यांनी पोहे मागवले. ते खाताना मात्र जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर प्रश्न विचारून मला असे काही पिळून काढले, की पोह्यांची चव काही आठवत नाही.

मोठ्या संस्थांची कामे ज्यावर चालतात असा जावा सर्व्हर आमची छोटी कंपनी स्वतः बनवते. सर नांदेडहून सगळ्या कामावर लक्ष ठेवीत. लातूरला त्यांचे जिवलग सहकारी सलीमभाई होते. सर्व्हरचा डेटाबेसमधले व्यवहार सांभाळणारा भाग सलीमभाईंकडे, वेबचा माझ्याकडे. आम्हा दोघांत भांडणे होत, त्यांचे मूळ होते अ‍ॅनोटेशन. प्रोग्रॅम लिहिणारे कोडच्या डोक्यावर छोटीशी खूण करून ठेवतात: हे काम सर्व्हर सुरू होताच कर, याला डेटाबेस जोडून दे. खूण वाचून तसे वागणे सर्व्हरचे काम. पण सर्व्हरच्या कोणत्या भागाने ती वाचायची, हे आमच्यात कधी ठरलेच नव्हते.

एकदा दोघांच्याही भागांनी एकच खूण वाचली आणि एका पतसंस्थेच्या सभासदांना वार्षिक सभेचे निमंत्रण दोनदा गेले. मी सलीमभाईंना दोष दिला, त्यांनी मला. दुसऱ्या दिवशी सर सकाळच्या एसटीने आले. "चूक कोणाची ते ऱ्हाऊ द्या. वाटणी न्हाई झाली, म्हणून तुम्ही भांडून राहिले," म्हणाले. बिलोलीकडच्या त्यांच्या घरची रीत अशी, की वाटण्या थोरल्याने पाडायच्या आणि उचलायच्या धाकट्यापासून. सरांनी फळ्यावर तीन वाटण्या पाडल्या. मी सगळ्यांत धाकटी, वेबच्या खुणा उचलून मोकळी झाले. मग सरांहून धाकट्या सलीमभाईंनी व्यवहाराच्या घेतल्या. सरांना उरले ते सर्व्हर सुरू होताना सगळा कोड एकदाच चाळून कोणती खूण कोणाकडे द्यायची ते ठरवण्याचे काम. त्यात नाव कोणाचेच होत नाही, बिघडले की शिव्या मात्र तिथेच येतात.

"सर, तुमच्या वाट्याला तर लई कटकट आली," सलीमभाई हसून म्हणाले.

"हाव. पण आता कोणी कोणाकडं बोट दाखवायचं न्हाई. काय बी झालं तर आधी मला सांगायचं."

आणि सर त्या शब्दाला जागले. पुढे ग्राहकांच्या किती तरी तक्रारी त्यांनी अंगावर घेतल्या, ज्यातल्या बऱ्याच माझ्या होत्या. रमजानात लातूरला आले, की संध्याकाळची बैठक ते दुपारी ओढून घेत, सलीमभाईंना इफ्तारला घरी पोहोचता यावे म्हणून. वरिष्ठांनी कारण विचारले तर स्वतःच्या एसटीची वेळ पुढे करीत.

गेल्या वर्षी सलीमभाई अचानक गेले. दफनविधीहून परतल्यावर सर ऑफिसच्या पायरीवरच बसले. "धाकट्यानं आधी उचलायचं म्हणलं होतं मी," ते म्हणाले. "आधी जायचं, असं न्हाई म्हणलं." मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

त्यानंतर सलीमभाईंचा भाग कोणाला द्यायचा, असे कंपनी विचारू लागली. सर दर वेळी "बघू" म्हणत. तक्रारी सलीमभाईंच्याच नावाने येत राहिल्या आणि सर त्या एकटे सोडवत राहिले. दोघांचे काम करता करता त्यांचा रक्तदाब वाढला, डॉक्टर रागावले. सरांच्या पत्नीचा, काकूंचा, मला नांदेडहून फोन आला, "सांग ना गं त्यांना. जेवायचं बी भान न्हाई ऱ्हायलं." मी सांगितले, अगदी भांडले. "तुम्हीही आजारी पडलात तर आम्ही कोणाकडे बघायचे?" सर शांतपणे म्हणाले, "सलीमचं काम हाय गं. होईल तेवढं करून राहिलो."

आता साठी पूर्ण होऊन सर निवृत्त होत आहेत, त्यामुळे सलीमभाईंच्या कामाची वाटणी टाळणे त्यांनाही शक्य नव्हते. मागच्या आठवड्यात ते लातूरला आले. सलीमभाईंच्या भागाच्या त्यांनी दोन वाटण्या पाडल्या. एक आमचा देगलूरचा सहकारी गंगाधर याने उचलली, एक मी. मग सर कॉम्प्युटरपुढे बसले. कोणता भाग कोणाकडे त्या यादीतल्या जबाबदारीच्या रकान्यातले सलीमभाईंचे नाव त्यांनी स्वतः काढले, आमची घातली, आणि चष्मा काढून ओंजळीत तोंड लपवून रडले. "इतके दिवस वाटायचं, सुट्टीवर हाय तो," म्हणाले. "आता गेला बघ." आम्हा दोघांनाही रडू आवरले नाही.

सरांचे स्वतःचे काम यापुढे मी करणार आहे. त्यांनी माझ्याकडून ते मन लावून घोटूनही घेतले आहे. पण त्या रकान्यात नाव सरांचेच ठेवले आहे, आणि कंपनीने विचारले तर मीही "बघू" म्हणणार आहे. सरांनी औषधे वेळेवर घ्यावीत, काकूंच्या हातचे गरम जेवण निवांत जेवावे, नातवंडांवर रागवावे आणि खूप खूप वर्षे जगावे. ते नाव काढायला मला कधीही बसावे लागू नये.