थुंकीची फडकी

शीबाईचं खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं होतं. कॉलेजच्या पितळी वाद्यांच्या पंचकात दोन ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन, एक ट्युबा आणि हॉर्न वाजवणारी ही. कुणी उष्ट्या कपात चहा ओतून घेतला की शी, कुणी तोंडावर हात न धरता शिंकलं की शी. अशा मुलीने पितळी वाद्यं वाजवणाऱ्यांत जाऊन बसावं, म्हणजे विंचवाला भिणाऱ्याने दगड उचलायचं काम पत्करावं तसंच.

कारण या वाद्यांत श्वास फुंकायचा असतो. आत गेलेली वाफ नळीत गार होते, तिचं पाणी साचतं आणि ते काढलं नाही तर सूर गुडगुडतो. म्हणून मध्ये जरा उसंत मिळाली की जो तो आपलं पाणी खुशाल जमिनीवर सोडतो. तालीम संपेपर्यंत खोलीभर बुळबुळीत थारोळी व्हायची.

"शी! थुंकीत पाय बुडवून वाजवायचं का?"

"थुंकी नाही गं, वाफेचं पाणी," असं म्हणून हिरो ट्रम्पेटची कळ दाबायचा आणि नेमकं तिच्या बुटाशेजारी थेंब पाडायचा. हिरो म्हणजे पहिला ट्रम्पेट, सरांचा लाडका. बाकीचे तिघे खिदळायचे आणि सर वही चाळत बसायचे.

शेवटी तिनेच जुनी चादर फाडून पाच फडकी केली. तालमीआधी प्रत्येकाच्या पायाशी एक अंथरायची, संपल्यावर चिमटीत धरून पिशवीत भरायची आणि घरी नेऊन उकळत्या पाण्यात टाकायची. कुणी साधं वाकून आपलं फडकं उचललं असेल तर शपथ! आयत्या बिळावर नागोबा सगळे.

"दुसऱ्यांच्या थुंक्या धुवायला तुला कॉलेजात घातलंय का?" आई विचारायची.

शीबाई सोसत होती ती एका चालीसाठी. वार्षिक कार्यक्रमात वाजवायच्या रचनेत एक संथ भाग होता. तिथे बाकीचे मागे हलका सूर धरून राहतात आणि हॉर्न एकटा चाल सांगतो. सरांनी ती तिलाच बसवून दिली होती. न्हाणीघराचं दार लावून ती इतकी वाजवायची, की आई भांडी घासताना तीच चाल गुणगुणायला लागली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी, रंगमंचामागच्या खोलीत, सगळे ओठ ओले करत असताना सर म्हणाले, "ती संथ चाल आज ट्रम्पेटवर घेऊ. मागच्या रांगेपर्यंत पोचते. तू मागचा सूर धर."

"आज? आत्ता?"

"अगं, त्याने बसवलीय आठवडाभर." सरांनी हिरोकडे बोट केलं.

तिने चौघांकडे पाहिलं. एकानेही नजर वर केली नाही. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी आठवडाभर हिच्याकडून फडकी धुऊन घेत होते! शी! थुंकी परवडली, ती निदान लपवाछपवी करत नाही.

त्या दिवशी तिने एकच फडकं बाहेर काढलं, स्वतःपुरतं. रंगमंचावर नवा फिकट गालिचा होता आणि समोर पहिल्याच रांगेत, सरांच्या शेजारी, तो गालिचा हौसेने आणवणाऱ्या प्राचार्या बसल्या होत्या. हिरोने सवयीने खाली पाहिलं. पायाशी फडकं नव्हतं. पहिला भाग झाला, दुसरा झाला, आणि त्याच्या सुरात बारीक बुडबुडे बोलायला लागले. संथ भाग तोंडावर आला तसा तो तिच्या पायाशी पाहू लागला, मग तिच्याकडे. डोळ्यांनीच गयावया.

मर, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण चाल तिची होती. आई तिसऱ्या रांगेत बसली होती, आणि न्हाणीघराच्या दाराबाहेरून तिने रोज ऐकलेली चाल आज गुडगुडत तिच्या कानी पडावी, हे शीबाईला सोसणार नव्हतं. शीबाईने बुटाच्या टोकाने फडकं त्याच्याकडे सरकवलं. त्याने पाणी काढलं आणि चाल वाजवली. छान वाजवली मेल्याने, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

टाळ्या थांबेनात. सर उठून आले आणि हिरोला मिठी मारली. "जीव ओतलास!" हिरोने हसून मान लववली आणि फोटोसाठी पुढे गेला. त्याचं ओलंगच्च फडकं गालिच्यावर तसंच होतं. खुर्च्या हलवता हलवता सर तिला म्हणाले, "ते तेवढं उचल गं."

तिने उचललं. या वेळी चिमटीत धरलं नाही, मुठीत धरलं. मागच्या खोलीत हिरोच्या ट्रम्पेटची पेटी उघडीच होती, आत जांभळी मखमल. शीबाईने फडकं मखमलीवर पसरलं, चारी कोपरे नीट केले आणि झाकण लावून कड्या घातल्या.

घरी आईने पिशवी उपडी केली. "चारच? आणि कोरडी?"

"पाचवं ज्याचं त्याला दिलं," शीबाई म्हणाली आणि हात धुवायला गेली.