पळसाचं दुसरं पान

जव्हारच्या कॉलेजात आम्ही काही मुलं शनिवारी जमून पत्रं लिहीत असू. दूर देशातलं एक शहर सैन्यानं वेढलं होतं. माणसांवर तोफा डागू नका, असं तिथल्या सरकारला लिहायचं. आणि एका शाळेच्या पत्त्यावर तिथल्या मुलांना, की आम्हाला तुमची आठवण आहे. थोडंफार इंग्रजी मलाच यायचं. बाकीचे मराठीत लिहून माझ्याकडे देत.

सूर्यमाळकडच्या पाड्यावरची एक मुलगी वसतिगृहात राहायची. ती दर वेळी विचारायची, "काय सेक्रेटरी, आलं का उत्तर? का तूच खाल्लंस?"

एका सकाळी आमचीच पाकिटं परत आली. त्या शहराची टपालसेवा बंद, असा शिक्का होता. धुकं एवढं, की पोस्टाच्या पायरीवरून रस्ता दिसत नव्हता. त्या पांढऱ्यात मी बराच वेळ उभा होतो. मग घरी जाऊन तिथल्या एका मुलीचं उत्तर मीच लिहिलं, भाषांतर म्हणून. धुक्याकडे बघत बर्फ लिहिला. सूर्यमाळची उन्हाळ्यातली पाण्याची रांग तिच्या गल्लीत नेऊन उभी केली.

वाचून वसतिगृहातली ती मुलगी खुदकन हसली. "म्हंजे तिकडंपण हंडं घेऊन उभ्या राहतात!"

तिचा हिरमोड होऊ नये, एवढंच मनात होतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिनं माझ्याशी बोलत राहावं, असं वाटत होतं.

पुढच्या शनिवारी तिनं घडी घातलेला कागद दिला. "तिलाच पाठव हां. गटात वाचू नको."

भाषांतर करायचं नव्हतंच, तरी मी तो वाचला. वावरकडे कुपोषणानं मुलं गेली त्या साली तिचा धाकटा भाऊही गेला होता. 'त्या संध्याकाळी तो खात नव्हता, म्हणून त्याची नाचणीची भाकर मी खाल्ली. हे कोणाला सांगितलं नाही. तुला सांगते, तू लांब आहेस.'

मी लांब नव्हतो. दोन बाकं पुढे बसायचो.

त्यानंतर मला उत्तर लिहिता आलं नाही. पेपरात त्या शहराच्या बातम्या येत होत्या. तिनं काय समजायचं ते समजून घेतलं आणि विचारणं सोडलं.

नवा भात झाला तेव्हा तिनं मला पाड्यावर जेवायला नेलं. नवं खाण्याआधी त्यांच्याकडे मेलेल्यांना वाढतात. भावासाठी पळसाचं पान होतं. शेजारी दुसरं.

"हे तिचं," ती म्हणाली. "तिला तिकडं कोण वाढणार?"

मी मान खाली घालून जेवलो. भात गोड होता. धुरात, उन्हात सगळं स्वप्नासारखं तरंगत होतं.

ती आता आश्रमशाळेत शिकवते. परवाच्या नव्या भाताला मी न बोलावता गेलो. दोन्ही पानं मांडलेली होती. ओटीवर बसून मी सगळं सांगितलं. तो कागद वाचल्याचंही.

तिनं भाताचं पातेलं पुढे ओढलं. धुकं उतरत होतं.

"म्हंजे माझं कोणीतरी वाचलं व्हतं," ती म्हणाली. मग भावाच्या पानावर भात वाढला. दुसऱ्या पानावरही वाढला आणि ते उचलून माझ्यापुढे सरकवलं.

"एवढी वर्षं तुझंच व्हतं ना हे? जेव आता."