बोटीतली केबिन

विक्रोळीला आमच्या चाळीत शेजारी राहणारा तो फिटर दर मे महिन्यात गावी जाताना कोकणच्या बोटीची केबिन काढायचा. बाकी आम्ही सगळे डेकवर चटया टाकणारे. “साहेब झालाय,” असं लोक तोंडावर म्हणायचे. ओव्हरटाइमने तांबारलेले डोळे चोळत तो नुसतं “असांदे” म्हणायचा.

एका वर्षी आम्ही एकाच बोटीला होतो. बायकोला केबिनमध्ये सोडून तो आईवडील, भावंडं, पोरं घेऊन आमच्याशेजारी डेकवर येऊन बसला.

“मग केबिन कशाला रे?” मी विचारलं.

“खोलीत आम्ही नऊ माणसं. दार लावून एकटीनं पडायला तिला कधी मिळतं?”

तेवढ्यात धाकटी मुलगी आईसाठी रडायला लागली. त्याने तिला खांद्यावर घेतलं आणि केबिनपासून लांब, बोटीच्या दुसऱ्या टोकाला नेलं.