देवीपुढे गळलेला चुडा

माझ्या नणंदेचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. सासूबाई लवकर गेल्या, त्यामुळे कुसुमची वेणी मीच घालायचे, तिला न्हाऊ-माखू मीच घालायचे. पण ती दप्तर घेऊन राजूरच्या शाळेला निघाली की माझा नुसता जळफळाट व्हायचा. तिच्या वयाची असताना मी याच घरात चुलीपुढे बसून माहेरच्या आठवणीनं रडत होते, आणि ही बया खुशाल सागरगोटे खेळते!

बहात्तर साल होतं, पावसानं डोळे वटारलेले. कुसुमला तेरावं लागलं होतं. चुलतसासऱ्यांच्या घरी मांडव पडायचाच होता, त्याच मांडवात हिचंही उरकायचं मामंजींनी ठरवलं. शाळेचे गुरुजी घरी आले. पंधराच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, म्हणाले. मामंजी हसले. "गुरुजी, कायदा ऱ्हातो नगरच्या कचेरीत. पोर ऱ्हाती माज्या घरात." ओट्यावरची माणसंही हसली. बायकांचं उत्तर तर ठरलेलंच, "आमची न्हाई का झाली?" सगळ्यांत मोठ्यानं ते मीच म्हटलं. कायदा माझ्या लग्नाच्या वेळीही होताच की. माझ्यासाठी कोण गुरुजी आले होते?

आमच्याकडे नवरीचा हिरवा चुडा आधी गावदेवीच्या पायाशी ठेवतात आणि तिथेच तिच्या हातात भरतात. देवीला दाखवलेला चुडा मग बदलत नाहीत. मामंजींनी तो बाजारातून आणला, मापाला माझी बांगडी नेली. आम्ही टेकडी चढून देवळात गेलो, तर पायरीवर एक कासारीण टेकली होती. आमच्या भागातली वाटली नाही. मामंजींनी तिलाच चुडा भरायला बोलावलं. तिनं बांगडी चढवली, कुसुमनं हात खाली सोडला आणि बांगडी घरंगळून देवीपुढे पडली. दुसरीही पडली. मग दुसरा हात, त्याचंही तेच. कायद्याला न भिणाऱ्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला, कारण देवीपुढे चुडा गळणं म्हणजे केवढा अपशकुन. कुसुम माझ्या पदराआड शिरली. "वयनी, मला घरी ने."

मामंजी माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुज्या वक्ताला काय केल्तं? तुजा बी हात येवढाच हुता."

मला ठाऊक होतं. माझ्या आईनं बांगड्या गळू नयेत म्हणून त्यांना दोरा गुंडाळला होता. तो मनगटाला काचायचा, मी दातांनी कुरतडत बसायचे. एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं, आणि बोलायचं माझ्या मनात होतं, खोटं कशाला सांगू. भोगू दे हिलाही. मी देवीकडे पाहिलं ते भांडायलाच. हिला वाचवतेस, मग माझ्या वेळी कुठे गेली होतीस? डोळे भरून आले आणि जीभ उचलेना. तेवढ्यात कासारणीनं पडलेल्या बांगड्या गोळा करून माझ्या ओंजळीत घातल्या. "बाय, ह्यो हात अजून लेकराचा हाय," ती हळूच म्हणाली. "देवी वाट बगंल. तुमी बी बगा."

"मामंजी, मला न्हाई आठवत," मी म्हणाले.

मामंजींनी देवीला लोटांगण घातलं आणि लग्न पुढे ढकललं. ती कासारीण पुन्हा कुठल्या बाजारात दिसली नाही. ती कोण होती, याच्या खोलात मी कधी गेले नाही.

हेवा त्या दिवशी गेला असं मात्र नाही. कुसुम शाळेला निघाली की तो रोज डोकं वर काढायचा. मी देवळात जाऊन म्हणायचे, "हा तुझ्या पायाशी ठेवला, तूच सांभाळ." घरी येईपर्यंत तो माझ्याआधी दारात हजर असायचा. पुन्हा नेऊन ठेवायचा, एवढंच माझ्या हाती होतं. त्या माउलीनं कधी नको म्हटलं नाही.

कुसुमचं लग्न झालं ते ती चांगली शिकल्यावर. जपून ठेवलेला तोच चुडा देवळात नेला. माझ्या मापाच्या त्या बांगड्या चढवताना कासाराला घाम फुटला, आणि कुसुम "आई गं!" म्हणून ओरडली. मी रडत होते आणि हसतही होते. एकाही बांगडीला दोरा लागला नाही.