डोळे मिटणारी आई आणि डोळे शोधणारा कॅमेरा

आमच्या रोह्याच्या घरात बाबांचा जो फोटो भिंतीवर आहे, त्यात त्यांच्या डाव्या खांद्यावर चार बोटं आहेत. ती बोटं बाबांची नाहीत. बाबा गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा असा एकही धड फोटो घरात सापडेना. शेवटी कंपनीतल्या निरोपसमारंभाच्या ग्रुप फोटोतून त्यांना कापून काढलं, मोठं केलं आणि हार घातला. शेजारच्या गृहस्थांना काढून टाकलं, पण त्यांचा हात बाबांच्या खांद्यावर होता. त्यातली बोटं तेवढी राहिली. फोटोवाला म्हणाला, "हारात झाकतील." हार सुकला, काढला, बोटं आहेत तिथेच आहेत. घरी येणारा प्रत्येक जण फोटोला आधी हात जोडतो आणि मग मान वाकडी करून बोटांकडे बघतो.

"माझं असं नाय व्हायला पाहिजे हां गो," आई एक दिवस म्हणाली. भाजी निवडत होती, आवाजात दुःख वगैरे काही नाही. "तुझ्याकडे एवढा मोठा कॅमेरा हाय. आताच एक बरासा फोटो काढून ठेव माझा. हिरव्या साडीतला. आणि शेजारी कोणाला उभं करू नको."

मी आधी "काहीतरीच काय बोलतेस" म्हणून पाहिलं. मग तिने नुसतं बाबांच्या फोटोकडे बोट दाखवलं. मी कॅमेरा घेऊन येते म्हटलं.

आता त्या "एवढ्या मोठ्या" कॅमेऱ्याबद्दल सांगते. डीएसएलआर घेणारी माणसं ज्याच्यावर हात बसवतात आणि दोन-तीन वर्षांत ज्याला विकून टाकतात, त्या जातीचा आहे तो. मी विकला नाही आणि आता कोणी घेणारही नाही. लेन्सवरचं रबर सैल होऊन फिरतं, बॅटरीचं झाकण चिकटपट्टीच्या भरवशावर आहे, आणि जरा अंधार पडला की फोकस लागेपर्यंत तो कुर्र कुर्र करत मागेपुढे होतो, त्याच्या मनात असलं तर थांबतो. पण माझं त्याच्यावर बरं चाललं होतं, कारण मी फोटो काढते ते गणपतींचे. मी पेणला राहते, सासरचा मूर्तींचा कारखाना आहे. मूर्ती तयार झाल्या की मी त्यांचे फोटो काढायचे आणि ते गिऱ्हाइकांना मोबाइलवर पाठवायचे, ही माझ्या वाटणीची कामगिरी. आणि गणपतीसारखं गुणी गिऱ्हाईक फोटोवाल्याला मिळायचं नाही. तो हलत नाही, पोट आत घेत नाही, "थांब जरा, केस नीट करू दे" म्हणत नाही. मुख्य म्हणजे डोळे मिटत नाही.

आई मिटायची.

पहिल्या रविवारी मी तिला हिरव्या साडीत पडवीतल्या स्टुलावर बसवलं, मागे साधी चादर लावली. सवय मूर्तींची, त्यामुळे तोंडातून निघून गेलं, "थोडी डावीकडे फिरवा." आई म्हणाली, "कोणाला सांगतेस? पाटावर बसवलायस की काय मला?" मग हसली, सावरून बसली, मी बटण दाबलं आणि खटॅक आवाजाबरोबर तिचे डोळे बंद. पुन्हा काढला, पुन्हा बंद. मी स्क्रीनवर फोटो बघायच्या आधीच ती विचारायची, "मिटले ना?" आणि खरंच मिटलेले असायचे. मी चिडायची. "आई, जरा वेळ उघडे ठेव की!" "मी काय मुद्दाम मिटते? ते आपोआप मिटतात. जाऊ दे, चल जेवून घे, पुढल्या वेळी काढ."

या फोटोपायी माझं रोह्याला जाणं वाढलं. त्याआधी मी सणावारी जायची, फार तर कोणी आजारी असलं तर. आता दर रविवारी सकाळी कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावून एसटीत बसायचं. गडबपर्यंत रस्त्यातले खड्डे मोजायचे, कंटाळले की डुलकी काढायची, नागोठण्याला जाग यायची. रोह्याला पोचलं की ऊन चढायच्या आत फोटो, मग तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कुळथाचं पिठलं, दुपारी चटईवर लोळून गप्पा आणि चहा घेऊन परतीची गाडी. फोटो एकही येत नव्हता. एकात डोळे पूर्ण बंद, एकात अर्धे, एकात तर एक बंद आणि एक उघडा. तो मी हसून हसून नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "हा लावा भिंतीवर. येणाऱ्या-जाणाऱ्याला डोळा मारतील."

मग मात्र मी ठरवलं की दोष आईचा नाही, कॅमेऱ्याचा आहे. बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत तो इतका विचार करतो, की तेवढ्यात कोणीही डोळे मिटेल. नवरा तर कधीपासून मागे लागला होता. रात्री जेवल्यावर आम्ही दोघं नव्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघायचो. त्यातली माणसं इतक्या गंभीरपणे बोलतात, की स्थळ बघतोय असं वाटावं. मी मनातून तयार झाले, तरी हात आखडता होता. गणपतींना जुना चालतोय, मग एका फोटोसाठी नवा? पण तो एक फोटो कुठला आहे हे आठवलं की पुन्हा वाटायचं, घ्यावाच. बाबांच्या वेळची ती घाई मला पुन्हा नको होती. त्या दिवशी घरभर कपाटं उपसत मी रडत होते, ते बाबा गेले म्हणून आणि फोटो मिळत नाही म्हणूनही.

एक दिवस पनवेलला जाऊन मी दुकानात नवा कॅमेरा हातात घेतला. मिररलेस. हलका, आवाज नाही, कुरकुर नाही. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा डोळा शोधतो." त्याने माझ्याकडे कॅमेरा रोखला आणि स्क्रीन मला दाखवली. माझ्या डोळ्यावर एक हिरवा चौकोन येऊन बसला होता. मी मान हलवली, चौकोनही हलला. "एका दमात वीस-पंचवीस फोटो काढतो. डोळे मिटलेले असले तरी एक तरी उघडा सापडणारच. माणसाचा डोळा ओळखतो, प्राण्याचा ओळखतो, पक्ष्याचा ओळखतो."

"गणपतीचा?" मी विचारलं.

दुकानदार थांबला. "म्हणजे... माणूस धरायचा की प्राणी?" त्याने खरोखरच विचारलं. मी मोबाइलमधला आमच्या मूर्तीचा फोटो समोर धरला. चौकोन आधी कानावर गेला, मग मोदकावर, आणि शेवटी मूर्तीमागून डोकावणाऱ्या माझ्या दिरावर जाऊन स्थिरावला. आम्ही दोघंही हसलो. तरी माझं मन त्याच्यावर बसलंच. किंमत मी दोनदा विचारली, पण दुकानदाराला सांगितलं, "ठेवा बाजूला. चार दिवसांत कळवते."

रविवारी मी ही बातमी आईला दिली. मला वाटलं, ती खूश होईल. या जुन्या कॅमेऱ्याला ती "तुझा डबा" म्हणते.

"म्हणजे तो डोळे आपणच शोधतो?" तिने विचारलं.

"आपणच. तू कितीही मीट."

"पहिल्याच फटक्यात येतो फोटो?"

"पहिल्याच. एका बैठकीत काम संपलं."

आईचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "नको घेऊ."

"का गो?"

"या हवेत बुरशी धरते त्या काचेला. आणि एवढं महागाचं घेऊन एसटीतून फिरणार? कोणी ओढून नेला तर? हाय तो डबा काय वाईट हाय? गणपती किती छान येतात त्याच्यात."

मी चक्रावले. गेल्याच रविवारी हीच बाई "फेकून दे तो डबा कुंडलिका नदीत" म्हणाली होती. मी वाद घातला, तिने ऐकलं नाही, आणि नेहमीप्रमाणे डोळे मिटलेला एक फोटो काढून आम्ही जेवायला बसलो.

श्रावणात आमच्याकडे एक बारसं होतं म्हणून आई पेणला आली. एका रात्रीसाठी आली होती, पण पाऊस लागून राहिला, नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं आणि गाड्या थांबल्या. आई अडकली. तिचं बाकी काही अडलं नाही. सकाळी आंघोळ करून सरळ कारखान्यात येऊन बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चौकशा करू लागली.

त्या दिवशी आखणी चालू होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळं रंगकाम झाल्यावर हे शेवटचं काम, आणि आमच्याकडे ते माझी मोठी जाऊ करते. आखणीच्या वेळी कारखान्यात कोणी बोलत नाही. पंखा बंद, गाणी बंद, दारातून आत येणारा असेल तो तसाच उंबऱ्यावर थांबतो. जाऊ श्वास रोखून बुबुळाची रेघ ओढते आणि बघणारेही नकळत श्वास रोखतात. ब्रश उचलला की सगळे एकदम सोडतात. माझ्या माहेरी गणपती यायचा तो तोंडावर रुमाल टाकून, सगळा तयार. आईने आयुष्यात पन्नास गणपती तरी घरी बसवले असतील, पण डोळे उघडताना एकही पाहिला नव्हता.

ती उपड्या बादलीवर बसली होती. मी पलीकडच्या रांगेतल्या मूर्तींचे फोटो काढत होते. सहज मागे वळले आणि मला आई दिसली. हात मांडीवर तसेच राहिलेले, तोंड किंचित उघडं, आणि डोळे टक्क उघडे. एवढं नवल मी तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. मी डबा उचलला. तो कुर्र झाला, मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडले, आणि त्याने फोकस धरला. खटॅक आवाज झाला तसं जावेने ब्रश न हलवता माझ्याकडे रागाने पाहिलं. आईला तो ऐकूही गेला नाही.

ब्रश खाली ठेवल्यावर मी आधी जावेलाच स्क्रीन दाखवली. "बघा, जमला! इतके महिने डोळे मिटत होती."

जाऊ फोटो बघून हसली. "हिचे डोळे कवा मिटतात? बारशाचे एवढे फोटो काढले पोरींनी मोबाइलवर, सगळ्यांत उघडे हायत. माझ्या लेकीच्या लग्नात पण उघडे व्हते. तुझ्याच कॅमेऱ्यात मिटतात काय?"

मग एकेक आठवायला लागलं. मी स्क्रीन बघायच्या आधीच येणारं ते "मिटले ना?" फोटो बिघडल्यावर लगेच "चल, जेवून घे." आणि नवा कॅमेरा पहिल्या फटक्यात काम संपवतो म्हटल्यावर उतरलेला चेहरा. फोटो आला की रविवार संपणार होते. मी पुन्हा सणावारी येणार होते, आणि हे माझ्याआधी तिला कळलं होतं. तिने भिंतीवरचा फोटो मागितला तो खरंच मागितला होता, बाबांची ती चार बोटं तिला खरंच सलतात. पण फोटो मिळण्यापेक्षा मी फोटो काढायला येणं तिला जास्त हवं होतं. मला हसू आलं, आणि डोळेही भरले. तेवढ्यात बादलीवरून आवाज आला, "काय गो, काय बघताय दोघी? माझा काढला की काय?"

जाऊ बोलणार होती. मी तिचा हात दाबला.

"काढला, पण मिटले," मी म्हटलं.

"बघ!" आई म्हणाली, आणि तिचा चेहरा असा खुलला की तोही एक फोटो झाला असता.

तो फोटो मी जपून ठेवला आहे, दोन ठिकाणी. भिंतीवर लावायला तोच आहे, त्यापेक्षा चांगला माझ्याच्याने निघायचा नाही, आणि तो लवकर लागू नये एवढंच माझं मागणं आहे. पनवेलच्या दुकानदाराला फोन करून सांगितलं की नवा कॅमेरा नको. त्याने विचारलं, दुसरीकडे स्वस्त मिळाला का? मी म्हटलं, नाही हो, आमच्याकडे डोळे न शोधणाराच बरा पडतो. तो बिचारा काय समजला असेल कोणास ठाऊक.

पाणी उतरलं, आई रोह्याला गेली आणि पुढच्या रविवारी मी बॅग खांद्याला लावून तिच्या दारात. हिरवी साडी तयार, स्टूल तयार, मागची चादर तर तिने स्वतःच लावून ठेवली होती.

"हलू नको," मी म्हटलं.

खटॅक.

"मिटले ना?" आईने विचारलं.

मी स्क्रीनकडे न बघताच म्हटलं, "मिटले."

"मंग आता?"

"आता पुढच्या रविवारी."

"ये," आई म्हणाली, आणि उठून भाकऱ्या थापायला गेली.