तातोबा मास्तरांच्या वहीतली चाल

कळंब्याच्या पाण्याच्या टाकीवर पंप चालू-बंद करता करता भाऊसो कांबळेनं तीन वर्षांत एक प्रोग्रॅम लिहिला. सुरांची अक्षरं टाइप करायची, प्रत्येकापुढं मात्रेचा आकडा घालायचा, की कॉम्प्युटर ते वाजवतो. आवाज डब्यात कोंडलेल्या पिपाणीचा. बायको, अक्षता, म्हणायची, "एवढ्या वेळात माणसं घरं बांधत्यात!"

तोवर ती नुसती हौस होती. मग भाऊसोच्या आईला, आक्काला, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. तिची एकच मागणी : गेलेल्या नवऱ्याचं हळदीचं वाजवणं एकदा कानावर पडावं. भाऊसोचे वडील, तातोबा मास्तर, बँडात क्लॅरनेट वाजवायचे, ती चाल त्यांनीच बांधलेली. रेकॉर्डिंग कुठंच नव्हतं. लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी बँडचा आवाज पुसून वर सिनेमाची गाणी चिकटवलेली. उरली मास्तरांची वही. त्यात सूर ओळीनं मांडलेले, मात्रा मात्र एकही नाही. ठेका ढोलवाला धरतोय, मग लिहायचं कशाला, असा त्यांचा हिशेब.

ढोलवाला पिराजी चंदगडला लेकीकडं होता. भाऊसो एसटीनं गेला.

"मात्रा तेवढ्या सांगा की, मामा."

"मला काय ठावं? मी तुज्या बाच्या खांद्याकडं बघायचो. खांदा पडला की माजं टिपरू पडायचं."

"आन् आबा म्हणायचं, ठेका पिराजीकडं हाय."

"म्हंजे दोघंबी एकमेकावर ढकलून मोकळं! चाळीस वरसं!" म्हातारा खोकेपर्यंत हसला. मग मांडीवर थाप मारून बघितली. एकदा, दोनदा. हात तसाच राहिला. "न्हाय गा जमत. त्यो म्होरं पायजे."

परत येऊन भाऊसोनं आठ दिवस आकडे बदलले. कुठं दीड, कुठं अर्धा. दर वेळी भलतंच गाणं व्हायचं. आक्काचं पाणीसुद्धा सुटलं, तेव्हा त्यानं सगळीकडं एक घातला, ते मोबाईलवर घेतलं आणि दुपारी मोबाईल तिच्या उशाशी धरला. काय आहे ते सांगितलं नाही. आपसूक वळखू दे म्हणून.

आक्कानं थोडं ऐकलं. डोळे मिटलेलेच.

"आरं, कवाधरनं वाजतुया. उचल की फोन."

भाऊसोनं ते बंद केलं. मोबाईल कानाला लावून तो सोप्यात जाऊन उभा राहिला. आतनं आवाज आला, "कुणाचा हाय रं?"

"कुणाचा न्हाय," तो म्हणाला. "चुकून लागलेला."